आईला संगम बघायचाय

गेल्या फेब्रुवारीत नर्मदेपलीकडच्या एका धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, मी पुष्पक विमानाच्या पंखावर बोटांनी टकटक केली. चांगली ओढलेली ढोलकी बोलते तसा आवाज आला. आत सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड आणि कापडावर डोपचे, म्हणजे कापड घट्ट करणाऱ्या रोगणाचे, हात. आमचं पारोळ्याला कापसाचं जिनिंग आहे. कापड नीट ताणलंय की कुठे सैल पडलंय, हे माझ्या बोटांना कळतं. इथे कुठेच सैल नव्हतं.

मी आठ वर्षांचा असताना नागपूरला मामाकडे गेलो होतो, तेव्हा सोनेगावच्या कुंपणाबाहेरून असंच एक विमान वर जाताना पाहिलं होतं. तेव्हापासून 'विमान' म्हटलं की मला तेच दिसतं. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मंडळींनी ते घडवलं. २८ सप्टेंबर १९५८ रोजी ते पहिल्यांदा उडालं. दोन माणसं शेजारी-शेजारी बसणार, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, शेपटीखाली छोटं चाक. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी पोरं त्यावर शिकली. घाटगे आपले कोल्हापूरकडचे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या पुष्पकचे मालक, मी त्यांना अण्णा म्हणतो, सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांनी चाकांना ठोकळे लावले, मला आत बसवलं, ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि पुढे जाऊन दोन्ही हात पंख्याच्या पात्यावर ठेवले. त्या इंजिनाला स्टार्टर नाही. ठिणगी मॅग्नेटोतून, म्हणजे फिरवल्यावर स्वतःच वीज करणाऱ्या यंत्रातून येते, बॅटरीचं काम नाही. "स्विच ऑन" म्हणाले, पातं झटक्यात खाली ओढलं आणि त्याच पावलात मागे सरकले. दुसऱ्या ओढीला इंजिन धरलं. माझ्या छातीत जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही. परतताना शिरपूर येईपर्यंत मी गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

घरी येऊन आईला फोटो दाखवला. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तिने मोबाइल लांब धरून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, यामा मी कोठे बससू?"

पायलटचं प्रायव्हेट लायसन्स मी सेहेचाळीसाव्या वर्षी काढलं. गोंदूरला, म्हणजे धुळ्याच्या धावपट्टीवर, सेसना १५२ वर शिकलो. स्वतःचं विमान घ्यायचं हे तेव्हाच ठरलं होतं. कोणतं, एवढाच प्रश्न राहिला होता आणि त्याला दोन वर्षं गेली. डोक्यातलं उत्तर सेसना १७२ होतं, मनातलं पुष्पक.

आता उन्हाचं सांगतो, कारण आपल्याकडे सगळा हिशेब उन्हापासून सुरू होतो. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला, पंख्याला आणि पंखांना आपण साडेचार हजार फुटांवर आहोत असंच वाटतं. म्हणजे विमान जमिनीवर उभं असतानाच जवळजवळ अख्खं महाबळेश्वर चढलेलं असतं. ९० घोड्यांतले अकरा-बारा तिथेच कमी होतात. त्यात दुपारची वावटळ. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. उतरताना बाजूचा वारा लागला की मागचा भाग पुढे यायला बघतो, भरलेली हातगाडी उलटी ढकलावी तशी. पाय पेडलवर सतत जागे लागतात. अण्णांचे आहेत. माझे तेवढे नाहीत, आणि आईला शेजारी बसवून मी ते शिकणार नाही.

१७२ च्या एस मॉडेलमध्ये १८० घोडे आणि चार खुर्च्या. पण चार खुर्च्या म्हणजे चार माणसं असं कुणी धरू नये. मी सगळं वजन गाठींत मोजतो, आमच्याकडे रुईची गाठ १७० किलोची. १७२ एस उचलू शकतं एकूण ११५७ किलो. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण ३९० उरतात. टाक्या काठोकाठ भरल्या तर दोनशे लिटर, त्याचे १४४ किलो गेले. हातात राहिली दीड गाठ. तीन माणसं आणि दोन पिशव्या. मी, बायको, आई. बसतं.

कामाचं म्हणाल तर सुरतेला माझं महिन्यातून एकदा जाणं असतं. नवापूरवरून गाडीने पाच तास लागतात, विमानाने हवेतला एक तास. पण गोंदूरला पोचणं, फ्लाइट प्लॅन, एडीसी आणि एफआयसी नंबर (उड्डाणाआधी घ्यायच्या परवानगीचे नंबर), इंधन, तपासणी हे सगळं धरलं तर वाचतात दोनेक तास. शिवाय पावसाळ्यात आकाश बंद. धंद्यासाठी विमान परवडतं असं मी कुणालाही सांगणार नाही. शेतात धावपट्टी करायचं मनात होतं, तेही सोडून दिलं. आपली काळी माती जुलैत बैलाचं पाऊल सोडत नाही, ती चाक कुठून सोडणार?

तर मी १७२ बघायला लागलो. मार्चमध्ये एक सापडलं, दुसऱ्या राज्यात. कागदावर तर सोनं. उडण्याचे तास कमी, नवा रंग, खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. विकणारा म्हणाला, "साहेब, फारसं उडालंच नाही." मी खूश झालो. बरोबर माझा इंजिनिअर मित्र होता, विमानदुरुस्तीत तीस वर्षं घालवलेला. त्याने लॉगबुक चाळलं आणि एका पानावर बोट ठेवून थांबला. त्या नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंत चौदा महिने गेले होते.

त्याने ऑइल फिल्टर काढायला लावला. डबा गोल कापला, आतला घड्या घातलेला कागद सोडवून पांढऱ्या फडक्यावर पसरला आणि बोटांनी हळूहळू पिळला. मग मला उन्हात उभं करून म्हणाला, "तिरकं धर." काळ्या तेलात कण चमकत होते. त्याने वरून लोहचुंबक फिरवलं. ते बारीक कण केसांसारखे उभे राहिले आणि चुंबकाला चिकटले.

त्याने मग समजावलं. या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर बसवलेला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून खाली जातं, उघड्या लोखंडाला दमट हवा लागते, गंज धरतो. पुढे इंजिन सुरू केलं की त्याच गंजाच्या जागी टॅपेट, म्हणजे झडपेकडे रेटा पोचवणारा तुकडा, घासत राहतो. म्हणजे ज्या 'कमी तासां'साठी मी जास्त पैसे मोजायला निघालो होतो, त्यानेच इंजिन खाल्लं होतं. मला राग आला तो रंगाचा. इंजिनाला हात न लावता बाहेरून रंग मारला होता आणि 'फारसं उडालं नाही' हे गुण म्हणून विकत होते.

त्या रात्री लॉजवर मला अण्णांचं लॉगबुक आठवलं. दर रविवारी एक ओळ. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, कधी नुसतंच 'वारा, उडालो नाही, इंजिन गरम केलं'. साठ वर्षांचं मशीन, आणि कापड ढोलकीसारखं बोलतंय. मी त्याला मनातलं विमान म्हणत होतो आणि चकचकीत १७२ ला डोक्यातलं. खरं तर त्या दोघांत धड सांभाळलेलं एकच होतं.

तरी पुष्पक घेतलं नाही. अण्णांच्या हातात ते चालतं कारण ते अण्णांचं आहे. सुटे भाग कुठे मिळतात, कोणता तुकडा घडवून घ्यावा लागतो, हे त्यांच्या वहीत आणि डोक्यात आहे. ते गोंदूरला आणलं असतं तर महिन्यातून एकदा उडालं असतं. बाकी दिवस मी जिनिंगच्या सीझनमध्ये अडकलेला, आणि ते शेडमध्ये धूळ खात.

सप्टेंबरात दुसरं १७२ ठरवलं. रंग उडालेला, डाव्या खुर्चीचं कापड फाटलेलं, तास पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त. पण गेल्या पाच वर्षांत असा एक महिना नाही की लॉगबुकात नोंद नाही. त्याचाही फिल्टर कापला. चुंबक कोरडं राहिलं.

खाली पंख असलेलं एक पायपर विमानही स्वस्तात येत होतं. ते पहिल्याच दिवशी बाद केलं, कारण पंख खिडकीखाली असतो आणि आईला खाली बघायचंय. मुडावद तिचं माहेर. पांझरा तिथे तापीला मिळते, काठावर कपिलेश्वराचं देऊळ आहे. लहानपणी ती त्या घाटावर खेळली, पण दोन नद्या एकमेकींत शिरताना वरून कशा दिसतात ते तिला बघायचंय. पाऊस सरला की पाणी निवळतं, तेव्हा नेणार आहे. पायरी उंच पडते म्हणून लाकडी पाट करून घेतलाय, त्यावर तिने घरी दोनदा चढून पाहिलं.

पुष्पकचे अण्णा रविवारी फोन करतात. इंजिन सुरू झालं की फोन खिशातून काढून तिकडे धरतात, मी ऐकतो. गेल्या वेळी म्हणाले, खांदा दुखतो, पातं पहिल्यासारखं ओढवत नाही. दिवाळीनंतर चार दिवस त्यांच्याकडे जातोय, पातं ओढायला शिकवा म्हटलंय.