कोरगालझिनला जाताय? शहरातली टॅक्सी गावापर्यंतचीच ठरवा

अस्तानातल्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, "फ्लेमिंगो गावातूनच दिसतात." साफ खोटं. कझाकस्तानच्या राजधानीपासून नैऋत्येला साधारण १३० किलोमीटरवरचं कोरगालझिन म्हणजे तालुक्याचं ठिकाण. सरकारी कचेरी, शाळा, थोडी दुकानं आणि चहूकडे सपाट गवताळ माळ. फ्लेमिंगो असतात ते तेंगिझ सरोवर तिथून दिसतच नाही. सरोवराभोवतीच्या कोरगालझिन अभयारण्याचं काराझार ठाणंच आणखी ४० किलोमीटरच्या आसपास, सरोवर त्याच्याही पुढे.

खरी लूट गावात होते. अस्तानाहून आणलेल्या ड्रायव्हरने गाडी उभी केली आणि पुढच्या कच्च्या रस्त्यासाठी ठरलेलं पूर्ण भाडं पुन्हा मागितलं. आम्ही त्याला तिथूनच परत धाडलं. गावातली उंच उआझ (रशियन जीप) त्याने सांगितलेल्याच्या निम्म्यात मिळाली. तेव्हा शहरातली टॅक्सी गावापर्यंतच घ्या, पुढची गाडी गावात बघा. पासपोर्ट जवळ ठेवा. अभयारण्याचा परवाना गावातल्या त्यांच्या कार्यालयातूनच काढावा लागतो.

आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर निघूच नका. हे मी कळकळीने सांगतोय. तिथली चिकणमाती टायरला थरावर थर चढत जाते. चाक गरगर फिरतं, गाडी तसूभर हलत नाही. ड्रायव्हर फावड्याने चाकं मोकळी करायचा, आम्ही ढकलायचो, शंभर पावलांवर पुन्हा तेच. आमच्या बुटांना विटेएवढी माती. सेडानचं इथे कामच नाही.

ऐरोलीला बोटीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहिलेल्यांनी तेवढ्या जवळून दिसण्याची आशा धरू नये. स्कोपशिवाय (पक्षी बघायची दुर्बीण) पाण्यावर नुसती गुलाबी रेघ दिसते. पण थवा उठला आणि पंखांखालचा लाल-काळा रंग उलगडला, तेव्हा मी अक्षरशः ओरडलो! रोहितांची जगातली सर्वांत उत्तरेकडची वीण इथली. हिवाळ्यात आपल्या गुजरात-राजस्थानात येणारी सोशिएबल लॅपविंग ही टिटवीही याच माळावर अंडी घालते. २००८ पासून हा भाग जागतिक वारसा आहे, आणि तो मान शंभर टक्के रास्त आहे.

अस्ताना ते कोरगालझिन रस्ता ठीक. शाकाहारींनी खाणं शहरातूनच न्यावं. उन्हाळ्यात तळ्याकाठचे डास जाड शर्टातूनही चावतात. डोक्यावर घ्यायची जाळी न्याच.