पाव फेरा

माझ्या टेबलाच्या खणात १० नंबरचा एक पाना आहे. घरात कुठे नट आवळायचा असला की दादा तो मागतो आणि मी देत नाही. दुसरा आण म्हणते. त्या पान्याने मी ४८ दिवस स्वतःचा पाय ताणलाय. आता त्याने कुणी पंख्याचा स्क्रू आवळलेला मला बघवणार नाही.

गोष्ट जुनी आहे. ९ वर्षांची असताना झाडावरून पडले आणि डाव्या नडगीचं हाड गुडघ्याच्या जरा खाली मोडलं. हाड जुळलं, पण त्याच्या टोकाशी लहान मुलांमध्ये जी वाढीची पट्टी असते ती दुखावली गेली होती. उजवा पाय वाढत राहिला, डावा मागे पडत गेला. माझी उंची थांबली तेव्हा दोघांत ४ सेंटिमीटरचा फरक होता.

बुटाला जाड तळ लावून दिला होता. तो मी कॉलेजात गेल्यावर टाकून दिला, कारण लंगडण्यापेक्षा त्या बुटाकडे लोक जास्त बघायचे. मग चालताना कंबर डावीकडे उतरायची आणि उजवीकडे चढायची. प्रत्येक पँटचा डावा पाय जमिनीवर लोळायचा, म्हणून आई तो आतून दुमडून हातशिलाई घालायची. नवी पँट आणली त्याच दिवशी घातली, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. पुढे पाठ दुखायला लागली, आणि २७व्या वर्षी मी पाय लांब करायच्या ऑपरेशनला हो म्हटलं.

यात काय करतात ते सांगते. नडगीचं हाड गुडघ्याखाली कापतात, शेजारचं बारीक हाडही कापतात. पायाभोवती धातूच्या रिंगा बसवतात. हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा त्या रिंगांना ताणून बांधलेल्या असतात, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या. रिंगा एकमेकींना आटे पाडलेल्या सळयांनी जोडतात. पहिले ७ दिवस काहीच करायचं नाही, कापलेल्या जागी भरून यायला सुरुवात होऊ द्यायची. आठव्या दिवशी पाना हातात येतो. सळीचे आटे १ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणून नटाचा एक पूर्ण फेरा दिला की कापलेल्या हाडातली फट १ मिलिमीटरने वाढते, आणि त्या फटीत नवं हाड भरत जातं. पण तो एकदम द्यायचा नाही. पाव पाव करून दिवसातून चार वेळा. माझ्या वेळा होत्या सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री १०. घाई केली तर फट भरत नाही आणि शिरा, स्नायू ताण सोसत नाहीत. फार रेंगाळलं तर हाड मध्येच जुळून बसतं आणि पुन्हा कापायची वेळ येते.

नट फिरवताना दुखत नाही, हे मी कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही. खरंच नाही दुखत. दुखतं ते नंतर, आणि बहुतेक रात्री. पोटरी ओल्या कपड्यासारखी कुणीतरी पिळतंय असं वाटायचं. त्यात काही वेदनाशामक गोळ्या हाड भरायला आडकाठी करू शकतात म्हणून मला त्या बंद होत्या. ज्या चालत होत्या त्या घेऊनही पहाटे ३ला मी जागीच असायचे. त्या वेळी मी पायावर चिडायचे, त्याच्याशी मोठ्याने बोलायचे. आई दुसऱ्या खोलीतून विचारायची, "फोनवर आहेस का गं?"

पहिले दहा दिवस पाना दादाच्या हातात होता, मला धीर होत नव्हता. एका रात्री सळयांवरच्या चार नटांतला एक त्याने उलटा फिरवला. सकाळी ७ला तोच नट अडकल्यासारखा झाला तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. दादाचा चेहरा बघवत नव्हता. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, किती फेरा, कुठला नट, आणि तो कसा सरळ करायचा ते सांगितलं. पाव मिलिमीटरचा मामला होता, काही बिघडलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक नटाशेजारी नेलपॉलिशने बाण काढले आणि पाना मी घेतला.

पुढच्या तपासणीत डॉक्टर हसून म्हणाले, ही सगळी पद्धतच म्हणे अशा एका चुकीतून पुढे आली. गाव्रिल इलिझारोव्ह हे सोव्हिएत डॉक्टर. १९५०च्या सुमारास सायबेरियातल्या कुर्गानमध्ये ते मोडलेली हाडं रिंगा आणि तारा लावून एकमेकांवर दाबून बसवत होते. एका रुग्णाने नट आवळायच्या ऐवजी उलटे फिरवले, फट वाढली, आणि एक्स-रेमध्ये त्या फटीत नवं हाड दिसलं, असं सांगतात. बाहेरच्या जगाला याचा पत्ता बरीच वर्षं नव्हता. कार्लो माउरी नावाचा एक इटालियन गिर्यारोहक होता, जुन्या अपघाताने त्याचा पाय आखूड झालेला. तो १९८०मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन आला. त्याचा पाय बघून इटलीतल्या डॉक्टरांनी १९८१मध्ये इलिझारोव्हना व्याख्यानाला बोलावलं. घरी आल्यावर मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बघ, मीही काहीतरी शोधून काढलं असतं, तू फार लवकर फोन केलास."

आता उशीबद्दल. माझ्या सगळ्या आजारपणात मी सर्वांत जास्त भांडले असेन ती या उशीवरून.

रिंगा लावलेला पाय जड असतो आणि गुडघ्याखाली उशी घेतली की स्वर्ग वाटतो. गुडघा जरासा वाकतो, पोटरी सैल पडते, झोप लागते. माझ्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच भेटीत ती उशी काढून घेतली. म्हणाल्या, "हवी तर टाचेखाली घे. गुडघ्याखाली नाही." टाचेखाली उशी घेतली की गुडघा अधांतरी राहतो आणि स्वतःच्याच वजनाने सरळ होत जातो. गुडघ्याला तेच हवं असतं, पण त्या अवस्थेत आपल्याला नेमकं तेच अजिबात नको वाटतं. मी त्या गेल्यावर उशी परत गुडघ्याखाली घ्यायचे. आईला आणून द्यायला लावायचे. तीन आठवड्यांनी त्यांनी गुडघा मोजला तर तो पूर्ण सरळ होत नव्हता, १५ अंश वाकलेलाच राहत होता. पाऊलही खाली झुकायला लागलं होतं.

त्या रागावल्या नाहीत. पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, हाड आपलं काम आपण करतं. त्याला तू झोपलीस काय, रडलीस काय, फरक पडत नाही. स्नायूला मात्र लांब व्हायचं नसतं. हाड पुढे जातं आणि पोटरी जागची हलत नाही, म्हणून ती गुडघा वाकवते आणि टाच वर ओढते. हाड डॉक्टर बघतील. पोटरी तुझी तुला बघायची आहे."

ते १५ अंश परत मिळवायला मला अडीच महिने लागले. उशीने दिलेल्या एकवीस रात्रींच्या बदल्यात. पावलाला पट्टा बांधून तो हाताने स्वतःकडे ओढायचा, ३० सेकंद धरायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. दिवसातून पाच वेळा. या काळात मी ज्या भाषेत बोलले ती आईने पहिल्यांदाच ऐकली.

सोळाव्या दिवसानंतर पावलाच्या वरच्या भागात मुंग्या यायला लागल्या. शीर ताणली जात होती. डॉक्टरांनी वेग कमी केला, दिवसाला पाऊण मिलिमीटर, म्हणजे चाराऐवजी तीनच वेळा पाव फेरा. मला रडू आलं, कारण मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ४०व्या दिवसाला गोल केला होता. आता तो गोल ४८वर गेला. आठ दिवसांसाठी काय रडायचं, असं आज वाटतं. तेव्हा आठ दिवस म्हणजे चोवीस वेळा पाना होता.

पिनांची, म्हणजे हाडातून गेलेल्या त्या तारांची, निगा हा वेगळाच संसार. रोज उकळून गार केलेलं पाणी, गॉज, प्रत्येक तारेभोवतीची खपली अलगद पुसायची. पाय लांब होतो तशी तार कातडीतून सरकते, म्हणून आजही माझ्या नडगीवर गोल डाग नाहीत, छोट्या उभ्या रेघा आहेत. एक पीन चिघळली. लाल झाली, चिकट पाणी यायला लागलं, पाऊल टेकवेना. आठवडाभर अँटिबायोटिक घेतल्यावर निवळलं. हे जवळजवळ सगळ्यांना एकदा तरी होतं, घाबरून जाऊ नका, पण तारांभोवती लाली दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाटही बघू नका.

४ सेंटिमीटर पूर्ण झाले त्या दिवशी मला वाटलं, संपलं. संपलेलं काहीच नव्हतं. हाड फक्त लांब झालं होतं, भरलं नव्हतं. प्रौढ माणसात एका सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त. एक्स-रेमध्ये ती फट आधी नुसती काळी दिसायची. मग तिच्यात उभ्या धुरकट रेघा आल्या, कुणी कंगवा फिरवल्यासारख्या. मग त्या रेघा पांढऱ्या होत होत कडेला गोळा झाल्या. डॉक्टर दोन बाजूंनी काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाच्या चार कडा मोजायचे. चारातल्या निदान तीन पक्क्या दिसल्याशिवाय रिंगा निघत नाहीत. माझ्या सलग तीन भेटींत दोनच होत्या. पाना आता नव्हता, करण्यासारखं काही नव्हतं, फक्त त्या पायावर वजन टाकून चालायचं, कारण वजनाने हाड पक्कं व्हायला मदत होते. वॉकर घेऊन मी घरात एवढ्या फेऱ्या मारल्या की कुठली फरशी हलते ते मला अंधारातही कळायचं.

रिंगा पायावर २१९ दिवस होत्या. काढण्याआधी दोन आठवडे सळयांचे नट सैल करून मला चालायला लावलं, हाड एकटं भार घेतं का ते बघायला. घेतला. मग रिंगा काढल्या आणि ब्रेस घातला. पहिल्यांदा उघडा पाय बघितला तेव्हा तो माझा वाटेना. पोटरी मनगटाएवढी झाली होती आणि त्यावर भरपूर केस.

दोन्ही टाचा टेकवून सरळ उभी राहिले तेव्हाचं मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. मला डावा पाय लांब वाटत होता! मोजपट्टी सांगत होती, दोन्ही सारखे. डोकं सांगत होतं, डावा जास्त झालाय, उजवीकडे पडशील. अठरा वर्षं कंबर डावीकडे उतरवून चालले होते, ती अजूनही तशीच उतरायला बघत होती. खाली जमीन आधीच आलेली असायची, आणि प्रत्येक पावलाला हिसका बसायचा. आरशासमोर चालायचे तेव्हा दिसायचं की पाय सरळ आहेत आणि लंगडतेय मी. ते जायला जवळजवळ वर्ष गेलं.

हल्ली डॉक्टर कधीकधी नव्या रुग्णांना माझ्याशी बोलायला सांगतात. परवा एका १४ वर्षांच्या मुलाच्या आईचा फोन आला. आधी औषधं, मग शाळा कधी, मग जरा थांबून तिने विचारलं, "ताई, तुम्ही रडायच्या का?" मी म्हटलं, रोज. तिला बरं वाटलेलं ऐकू आलं. म्हणाली, मग तो रडला तर मी काही बोलणार नाही. त्या मुलाशीही बोलले, त्याला फक्त पान्याबद्दल विचारायचं होतं.

एक तरुण मात्र वेगळा होता. त्याचे दोन्ही पाय सारखे, धडधाकट. त्याला उंची वाढवायची होती. हल्ली रिंगांऐवजी हाडाच्या आत बसवायची, बाहेरून चुंबकाने लांब होणारी सळईही मिळते, तारा नाहीत, डाग कमी, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी त्याला नको म्हटलं नाही, तो माझा अधिकार नाही. पण आतली सळई असली तरी पोटरी तीच असते आणि गुडघाही तोच. मी विचारलं, धावतोस का? म्हणाला, रोज, फुटबॉल. मी विचारलं, दीड-दोन वर्षं नाही खेळलास तर? आणि नंतर पहिल्यासारखं धावता नाही आलं तर? तो बराच वेळ गप्प राहिला. मी १८ वर्षं धड चालले नव्हते, मला गमवायला फारसं नव्हतं. त्याला होतं. पुढे त्याचा फोन आला नाही, काय ठरवलं मला माहीत नाही.

उशीचं मात्र मी प्रत्येकाला सांगते. लोक हो म्हणतात. आणि आवाजावरून मला कळतं, आत्ता या क्षणी ती गुडघ्याखालीच आहे.

गेल्या महिन्यात आईने कपाट आवरायला काढलं. माझ्या जुन्या निळ्या जीन्स निघाल्या. तिने कात्री घेतली आणि डाव्या पायाची शिलाई एकेक टाका करून उसवली. दुमड सोडली तर खाली गडद निळा पट्टा निघाला, कधीच ऊन न लागलेला, अगदी दुकानातल्यासारखा. बाकी जीन्स धुऊन धुऊन आभाळासारखी फिकी पडलेली. आईने सवयीने टेप लावून बघितला. ४ सेंटिमीटर.

"हे असं दिसेल, चालेल का गं?" तिने विचारलं.

मी ती तशीच घालते.