हुपरी रोडच्या ट्रॅकवर दाजींसोबत

कोल्हापुरात पाहुणे आले की सगळं ठरलेलं असतं बगा. अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा आणि मधल्या वेळेत मिसळ. ताई-दाजी दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून आलते, सोबत भाचा, नववीतला, आणि त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं की मामा पन्हाळा नको, हुपरी रोडला मोहितेंचा रेसिंग ट्रॅक आहे तिकडं ने. मी इथलाच, पण आत कधी गेलो नव्हतो. भाच्याला मात्र सगळं पाठ. कृष्णराज महाडिक तुमच्या गावचा, ब्रिटनच्या एफ-थ्री कार रेसमध्ये धावलाय, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कप रेसमध्ये, कार्टिंगचे, म्हणजे त्या बुटक्या उघड्या रेसगाड्यांचे, नॅशनल रोटॅक्स राऊंडपण इथं झालेत, आणि तू आजपर्यंत बघितलंस काय मामा? म्हटलं बाबा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की आम्हाला दुसरं काय दिसत नाही.

जाताना गाडी दाजी चालवत होते. एक्सप्रेसवेवर आपण मुंबई-पुणे किती वेळात मारतो हे सांगणं चालू होतं. पुढं उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, वर टेप फुल्ल आवाजात, त्यामुळं हुपरी रोडला दाजींचा एक्सप्रेसवे काय निघाला नाही.

पोचल्यावर आधी फॉर्म. आपल्या जबाबदारीवर गाडी चालवतोय वगैरे, आणि भाचा अठराच्या आत म्हणून त्याच्या फॉर्मवर ताईची सही. ताईनं तो कागद बँकेच्या लोनचा असल्यासारखा शेवटपर्यंत वाचला. चपला चालत नाहीत, बूटच पाहिजेत, आणि ओढणी, मफलर, गळ्यातलं काही लोंबणारं असेल ते काढून ठेवायचं, कारण इंजिन आणि चाकं उघडी असतात आणि कापड गुंतलं की संपलं. मग डोक्यावर पातळ टोपडं, त्यावर हेल्मेट. मोठं हेल्मेट घेऊ नका एवढं सांगतो, मान हलवल्यावर ते डोक्यासोबतच हललं पाहिजे.

ब्रीफिंग मला लई आवडलं. पोरगा चोवीस-पंचवीसचा असंल पण बोलणं एकदम हेडमास्तरासारखं. उजव्या पायात अ‍ॅक्सिलरेटर, डाव्या पायात ब्रेक, क्लच-गिअर काही नाही, दोन्ही पेडल एकदम दाबायची नाहीत. पिवळा झेंडा म्हणजे पुढं काहीतरी घडलंय, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागचा तुमच्यापेक्षा फास्ट आहे, त्याला जाऊ द्या. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. काळा दाखवला तर गुपचूप पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवतात तिथं. गाडी फिरली तर उतरायचं नाही, हात वर करून बसून राहायचं, मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचा त्यांचा माणूस, येतो. दाजी मोबाईल बघत होते.

मी गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळं माझं लक्ष आधी गाडीच्या खाली गेलं. सस्पेन्शन नाही. दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. मागं सरळ एक अ‍ॅक्सल, दोन्ही चाकं त्याला पक्की, म्हणजे वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापणार आणि आतलं कमी, पण फिरणार दोन्ही सारखीच. मग ही वळते कशी? विचारलं तर तो पोरगा खूष झाला, म्हणाला दादा स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या अँगलमुळं चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मुरडते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरनं जरासं उचलतं, तेवढ्यात गाडी वळून घेते. चेसिसचा पाईप मुद्दाम लवचिक ठेवलेला. आम्ही आयुष्यभर जॉबमधला बेंड काढायला मरतो आणि इथं बेंडवरच गाडी चालते!

शेजारी खऱ्या रेसची कार्ट उभी होती, 125 सीसी टू-स्ट्रोक रोटॅक्स कंपनीच्या इंजिनाची. सिनियर क्लासमध्ये हे इंजिन 30 हॉर्सपॉवरच्या आसपास देतं, आपल्या स्प्लेंडरचं 8 च्या घरात असतंय, त्यावरनं अंदाज घ्या. ताईनं बघितलं आणि विचारलं, ह्याला बेल्ट कुठाय? तर नसतोच. वर रोल केज, म्हणजे डोक्यावर लोखंडी पिंजरा, नाही, त्यामुळं उलटली तर माणूस गाडीला बांधलेला असण्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा. हे ऐकून ताईचा चेहरा असा झाला की मी विषय बदलला. आमच्या वाट्याला अर्थातच साध्या फोर-स्ट्रोक होत्या.

साध्या म्हटलं तरी, बुड जमिनीपासून चार बोटांवर असतंय. घरच्या गाडीत साठला आपण जांभई देतो, इथं त्याच्या निम्म्यावरच पोटात गोळा येतो. पहिल्या लॅपला, म्हणजे फेरीला, टायर गार असतात, पकड कमी, गाडी सरकते. दोन-तीन लॅप झाले की रबर तापतं आणि मग ती जी चिकटते ना! स्टिअरिंग लई जड, पॉवर स्टिअरिंग विसरा. दर वळणाला बरगडी सीटच्या कडेवर आपटते. ट्रॅक किलोमीटरच्या वरचा आहे, त्यामुळं नुसतं गोल गोल फिरल्यासारखं होत नाही, सरळ पट्टा येतो, तिथं पाय पुरा दाबायचा आणि मग ब्रेक कुठं मारायचा हा खरा प्रश्न.

दाजींनी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. सरळ पट्ट्यावर माझ्या शेजारनं असे गेले की काय सांगू, आणि वळणात शिरल्यावर ब्रेक. कार्टचा ब्रेक मागच्या अ‍ॅक्सलवर असतो, स्टिअरिंग वळलेलं असताना जोरात दाबला की मागची चाकं लॉक होतात आणि गाडी भोवऱ्यागत फिरते. फिरली. दाजी गवतात, तोंड उलट्या दिशेला, दोन्ही हात वर. पिवळा झेंडा. बाहेरनं ताईचा आवाज हेल्मेटमधनं ऐकू आला मला.

भाचा मात्र वेगळाच चालवत होता. मी त्याच्या मागं लागलो तेव्हा कळलं. तो सरळ पट्ट्यावर माझ्यापेक्षा आधी पाय काढायचा, ब्रेक सरळ रेषेतच उरकायचा, मग ट्रॅकच्या बाहेरच्या कडेवरनं आतल्या कडेला टेकून परत बाहेर सुटायचा, आणि वळणातनं निघताना माझ्या पुढं चार-पाच गाड्यांचं अंतर. मला वाटलं त्याचं इंजिन चांगलंय. नव्हतं. वळणात हळू शिरलं की बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबता येतो, आणि तो फायदा पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्याभर मिळत राहतो. मी तसं करायला लागल्यावर मला स्वतःला वाटलं की मी हळू झालोय, अजिबात थरार नाही, आणि नंतर टायमिंगचा कागद हातात आला तर माझे सगळ्यात चांगले लॅप तेच. जिथं जीव मुठीत धरून पळवली ते लॅप दोन-तीन सेकंदांनी मागं. कार्टला वेळ मोजणारा ट्रान्सपाँडर असतो, प्रत्येक लॅप छापून येतो, त्यामुळं तिथं कुणाचं काही चालत नाही. दाजींनी कागद घडी करून खिशात टाकला.

नंतर तांबडा-पांढरा ओरपताना भाचा बुद्ध सर्किट ह्या रेस ट्रॅकचं पुराण लावून बसला. ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 एफ-वन झाली, तिन्ही वेळा जर्मनीचा व्हेटल जिंकला, मग टॅक्सच्या भांडणात ती रेस बंद. दाजी एरवी टॅक्सवर तासभर बोलतात, त्या दिवशी गप.

कुणी जाणार असाल तर फोन करून जावा, रेसच्या किंवा ट्रेनिंगच्या दिवशी आपल्याला ट्रॅक मिळंल असं नाही. सकाळी जावा, दुपारी हेल्मेटमध्ये उकडून निघतंय. आधी मिसळ खाऊ नका, नंतर खावा. आणि लाजू नका, बरगड्यांना बांधायचं रिब प्रोटेक्टर आहे का विचारा. आम्ही विचारलं नाही आणि भाऊबीजेला ताई ओवाळत होती तेव्हा मला पाटावर नीट वाकता येईना, शेजारी दाजी कमरेला हात लावून उभे.