लॅपटॉप बंद, काम चालू
आज आमच्या जाहिरात एजन्सीतल्या कॉपी हेड, म्हणजे जाहिरातींच्या ओळी लिहिणाऱ्यांच्या प्रमुख, ताईंनी मला दादर टीटीच्या बसस्टॉपवर पाठवलं. म्हणाल्या, "होर्डिंग बघू नकोस, ते बघणाऱ्यांकडे बघ." बसमधली माणसं जेमतेम दोन-तीन सेकंद मान वर करतात. तेवढ्यात लांबलचक ओळ पोचतच नाही, हे वर्गात ऐकलं होतं; आज डोळ्यांनी पाहिलं. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी घडवलेली अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकवाली मुलगी १९६६ पासून एका चित्रावर नि एका ओळीवर उभी आहे. केवढं अवघड काम आहे हे!

संध्याकाळी गणपतीच्या कॅम्पेनसाठी लिहिलेल्या माझ्या ओळी ताईंनी एकेक करून खोडल्या. एक ठेवली. ती उद्या क्लायंटसमोर जाणार, आणि प्रेझेंटेशनला मलाही बसवणार आहेत!