पिंट्या मागे बघत नाही

आज सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय आणि ती इतकी क्षुल्लक आहे की शुभाला, म्हणजे बायकोला, सांगायलासुद्धा मला संध्याकाळ झाली. आमचा कुत्रा पिंट्या चालताना मागे वळून बघत नाही. बस, एवढंच.

पावणेसहाला इथे फीनिक्समध्ये पीमा कॅन्यनच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. मे नुकताच लागलाय, त्यामुळे पहाटेच्या हवेत अजून थोडी माणुसकी आहे. साउथ माउंटनच्या माथ्यावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यांचे लाल दिवे चालूच होते. नेहमीप्रमाणे डेझर्ट क्लासिकची वाट धरली. ही वाट डोंगराच्या दक्षिण पायथ्याने नऊएक मैल जाते. आम्ही काही ती पुरी करत नाही, थोडे ओढे ओलांडले की परत. ओढे कसले, कोरडी वाळू. डाव्या हाताला अवातुकी या उपनगरातल्या घरांची लाल कौलं आणि परसातले निळे पोहण्याचे हौद, उजव्या हाताला सावारो, म्हणजे इथले उंच निवडुंग, उभे. म्हटलं तर शहरात, म्हटलं तर वाळवंटात.

पुढे एक बाई चालत होत्या. त्यांचं कुत्रं म्हणजे कापसाच्या बोळ्यासारखं. ते थोडं चालायचं, मान वळवायचं, बाईंकडे बघायचं आणि मग पुढे. परत थोडं चालायचं, परत मान. मी गमतीने बघत होतो. वाट जरा रुंद झाली तिथे त्या बाजूला झाल्या, आम्हाला पुढे जाऊ दिलं. त्या हसून म्हणाल्या, मी आहे ना, पडले नाही ना, हे सारखं बघत असतो बिचारा. मग पिंट्याकडे बघून म्हणाल्या, तुमचा अगदी बिनधास्त दिसतो, एकदाही बघत नाही.

बोलून त्या मोकळ्या झाल्या. मी अडकलो.

त्यानंतरची सगळी चाल मी पिंट्याच्या पाठीकडे बघत केली. एरवी या दिवसांत बघण्यासारखं कितीतरी असतं. सावारोच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचे गजरे आलेत. ही फुलं रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात, त्यामुळे ती बघायची तर सकाळच गाठावी लागते. पालो व्हर्देच्या झाडांचा पिवळा सडा वाळून वाटेच्या कडेला साचलाय. एका खडकावर चकवाला बसला होता, हा आपल्या घोरपडीचा लांबचा कुणी असावा असा जाडजूड सरडा. पिंट्या त्याच्याकडे बघून थांबला. क्वेल पक्ष्यांची आई पिल्लांची रांग घेऊन वाट ओलांडत होती, तिच्याकडेही बघितलं. ढेंगभर अंतरावरून सायकलवाला गेला, त्याच्याकडेही. माझ्याकडे नाही.

मग मी मुद्दाम थांबलो. पट्टा ताणला गेला, तोही थांबला. पण समोरच बघत. जसं काही सिग्नल लागलाय आणि कधीतरी हिरवा होईल. मी हाक मारली. एक कान तेवढा मागे फिरला, मान नाही. कान! मला कानावर भागवलं.

आणि हा पूर्वी बघायचा. मला पक्कं आठवतंय. आमची मुलगी सई त्याला घेऊन आली त्या हिवाळ्यापासून याच वाटेवर तो दर वळणाला थांबायचा, मागे बघायचा, जीभ बाहेर, डोळे बारीक. मला ते फार आवडायचं. घरी कुणी आपली इतक्या वेळा चौकशी करत नाही, ऑफिसात तर विचारूच नका. तिकडचं ते अजून लटकलेलंच आहे, त्याबद्दल आज लिहायचं नाही.

घरी आल्यावर मी नीट विचार करायला बसलो. (नीट म्हणजे चहाचे दोन कप.) पहिली शंका कानांची. कुत्र्यांना वयानुसार ऐकू कमी येतं, आणि आमचे चिरंजीव आता काही लहान राहिलेले नाहीत. म्हणून तो मागच्या खोलीत गाढ झोपलेला असताना मी स्वयंपाकघरात चिवड्याच्या डब्याचं झाकण काढलं. अगदी हळू, चोरासारखं. दोन सेकंदांत साहेब पायाशी हजर. कान ठणठणीत.

दुसरी शंका बुटांची. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला पायात घालायचे चार बूट आणले होते. इथल्या डांबरावर दुपारी हाताची पालथी बाजू टेकवून बघावी, काही सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला त्यावर चालवू नये, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. बूट घातल्यावर तो ज्या पद्धतीने पाय उचलायचा ते बघून शुभा हसून हसून खाली बसली होती. त्याचा मान दुखावला असेल? पण कुत्रं एवढा डूख धरत नाही. तो आमच्या घराण्यातल्या माणसांचा गुण.

तिसरी शंका लिहायला बरी वाटत नाही. त्याला आता मी असलो काय, नसलो काय, सारखंच. सकाळी कुणीतरी दार उघडतं, पट्टा लावतं, वाटेत चोया निवडुंगाचा काटेरी गोळा चिकटला तर कंगव्याने उडवतं, पाणी पाजतं. ते कुणीतरी मी आहे. मी नसतो तर दुसरं कुणी असतं. दुपारभर मी हेच धरून बसलो होतो. सईची खोली बंद आहे, तिच्या दारासमोरून जाताना उगाच मूठ फिरवून बघितली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने कुत्र्याने बघितलं नाही म्हणून तोंड पाडून बसावं का? बसावं. मी बसलो.

त्यात आईचा फोन. तिथे सकाळ, इथे संध्याकाळ. ॲरिझोनात घड्याळं मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे बारा महिने साडेबारा तासांचाच फरक आणि आईला हिशेब पाठ. तिने सोलापूरच्या उन्हाची बातमी दिली, मी इथल्या. हा आमचा जुना सामना आहे. पूर्वी तीच जिंकायची. २०२३ मध्ये फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर जात होता, म्हणजे ४३ सेल्सिअसच्याही पुढे, तेव्हापासून तिने हार मानलीय. सोलापुरात निदान वळवाचा पाऊस तरी येतो, एवढं मात्र ऐकवते. आज शेवटी म्हणाली, कुत्र्याला पाणी पाजत जा रे, मुकं जनावर. मग एकदम मला सिद्धेश्वर एक्सप्रेस आठवली. मी सामान सीटखाली लावत होतो, बॅगेचं कुलूप नीट बसत नव्हतं, आणि मी खिडकीशी आलो तोवर प्लॅटफॉर्म... जाऊ दे. आई कधी त्याबद्दल बोलली नाही. मीही नाही.

फोन ठेवल्यावर मी फोटो बघायला लागलो. पुरावा गोळा करायचा म्हणून. तो पूर्वी बघायचा हे मला स्वतःलाच सिद्ध करायचं होतं.

आणि सापडले की. ढिगाने सापडले. डेझर्ट क्लासिकवर, टेलिग्राफ पासच्या चढावर, पापागोच्या लाल खडकांपाशी, सगळीकडे पिंट्या मागे वळून बघतोय. जीभ बाहेर, डोळे बारीक, अगदी मला आठवत होतं तसाच. मला एकदम बरं वाटलं. मग मी जरा नीट बघितलं. प्रत्येक फोटोत मीही आहे. म्हणजे मी असा आहे: उजवी पोटरी. पट्टा धरलेला हात. पाठीवरची सॅक. एकात नुसती टोपीची कड. कुत्रं बरोबर मधोमध आणि बाप कडेला कापलेला.

सगळे फोटो सईने काढलेले.

ती कायम मागे असायची. कानात वायर, हातात फोन, पाय ओढत, बाबा किती चालवतोस, अजून किती आहे. मी पुढे, माझ्यापुढे पट्टाभर अंतरावर पिंट्या, आणि ही पन्नास पावलं मागे कुठल्यातरी दगडावर टेकलेली. तो दर वळणाला थांबून बघायचा ते शेवटचं माणूस आलं का म्हणून. मी मध्ये उभा होतो म्हणून मला वाटायचं, माझ्याकडे बघतोय. त्याची नजर माझ्या गुडघ्यांना वळसा घालून मागे जात होती.

ऑगस्टपासून मागे कुणी नाही. मग तो बघेल कशाला?

मग मी माझे फोटो बघितले, या हिवाळ्यात काढलेले. सगळ्यांत पिंट्याचं ढुंगण. वर शेपूट, खाली चार पाय, मागे डोंगर. सूर्योदय फार सुंदर आलेत, पण प्रत्येक सूर्योदयाच्या मधोमध ढुंगण. मला हसूच फुटलं. शुभा काय झालं म्हणून आली, तेव्हा तिला सगळं सांगितलं, बाईंच्या कापसाच्या बोळ्यापासून चिवड्याच्या डब्यापर्यंत.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, पट्टा सहा फुटांचा. दुसरं टोक तुझ्या हातात. तू आहेस की नाही हे त्याला गळ्यापाशी कळतंय, मान कशाला मोडेल तो?"

मी म्हटलं, तरी पण.

"तरी पण काय? मी घरात असते तेव्हा तू तरी कुठे मान वर करून बघतोस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिंट्या मध्ये आडवा पडून दोघांचं ऐकत होता, म्हणजे कानाने.

तर निष्कर्ष असा की मला बढती मिळालेली आहे. मी हरवू शकणाऱ्यांच्या यादीत नाही. मी पट्ट्याचा भाग आहे. पट्ट्याकडे कुणी वळून बघत नाही, पण तो दिसला नाही तर दारात उभं राहून भुंकतात. वाईट नाही. म्हणजे फार चांगलंही नाही, पण चालेल. काही माणसं जन्मभर पट्टा असतात, आमचे अण्णा होते.

पण हे सगळं खरं की नुसतं माझं रचलेलं, हे तपासायचं तर एकच उपाय आहे. सईला परत मागे चालवायचं. परीक्षा संपल्या की पुढच्या आठवड्यात ती येतेय. अडचण अशी की आमची कन्या सुट्टीत अकराच्या आत उठत नाही, आणि जूनमध्ये अकराला पारा शंभरीला टेकलेला असतो. शंभर फॅरनहाइट झाले की फीनिक्स शहराच्या डोंगरवाटांवर कुत्रा न्यायला बंदी आहे, २०१६ पासून. वाटेच्या तोंडाशी पाटीच लावलेली आहे. नियम योग्यच आहे. बिचाऱ्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, सगळी भिस्त धापा टाकण्यावर, आणि त्यांचे मालक हौशी. कॅमलबॅक डोंगराच्या वाटांवर तर कुत्र्यांना बाराही महिने मनाई, तिथे माणसंच धापा टाकत चढतात आणि त्यांतल्या काहींना हेलिकॉप्टरने उतरवावं लागतं. सोलापूरच्या माणसाने उन्हाला भिऊन पाटीसमोरून परत फिरायचं हे पहिल्यांदा जरा लागलं होतं. आता लागत नाही. पिंट्याला तर कधीच लागलं नव्हतं, तो पाटीच्या खांबाला आपला निषेध नोंदवून गाडीत बसतो.

म्हणजे जायचं तर पहाटेच. मघाशी सईला मेसेज केला: आलीस की एकदा माझ्याबरोबर आणि पिंट्याबरोबर डोंगरावर येशील का, पाचला उठून?

ती शिकते त्या फ्लॅगस्टाफला मेमध्येही स्वेटर लागतो, तिला इथल्या सकाळींचं महत्त्व आता आठवतही नसणार. तरी उत्तर लगेच आलं.

"पाच म्हणजे पहाटेचे?"

हो, म्हटलं.

बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली. मग आलं: "पिंट्याचा फोटो पाठव आधी. तोंडाचा. तू सारखं मागचंच पाठवतोस."