आमची वाटचाल : आरागिरणी, जंगल आणि सरकारी पैसा

आमची आरागिरणी वडिलांनी सत्तरच्या दशकात बल्लारपुरात टाकली. जागा निवडताना त्यांना फार विचार करावा लागला नाही. वनखात्याचा लाकूड डेपो जवळ, रेल्वे स्टेशन जवळ, आणि गडचिरोलीतल्या आलापल्लीकडचं लाकूड इकडेच येणार. बाजारात आमच्या भागातल्या सागवानाला अजूनही 'सीपी' म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस नकाशावरून जाऊन पाऊण शतक झालं, लाकडाच्या बाजारात ते जिवंत आहे. पुण्याचा व्यापारी फोनवर आधी 'बल्लारशा (म्हणजे बल्लारपूरचं सागवान) आहे का' असं विचारतो, भावाचं नंतर.

ग्राहक आणि पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, तुम्ही लोक जंगल कापता, मग तुम्हाला सरकारी मदत कशी मिळते? आणि दुसरा अगदी उलटा : सरकार वाघासाठी एवढा पैसा ओततं, तर तुमच्यासारख्यांना काय देतं? दोन्हींना घाईत उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून काढतो आहे.

आमच्या धंद्याचं पंचांग १९९७ पासून बदललं. त्याआधी, १२ डिसेंबर १९९६ ला, जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा पहिला मोठा आदेश आला होता. वनजमिनीवर केंद्राच्या परवानगीशिवाय वनेतर काम चालणार नाही, आणि त्यात आरागिरण्याही आल्या. पुढे ४ मार्च १९९७ च्या आदेशात तर महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशाचं नावच घेतलं होतं : विनापरवाना आरागिरण्या, व्हिनियर आणि प्लायवूडचे कारखाने तत्काळ बंद, आणि नवा परवाना द्यायचा नाही. आमच्याकडे परवाना होता. वडील आवक-जावक रजिस्टर देवाच्या पोथीसारखं सांभाळत, ते कामी आलं. पण आमच्या ओळखीचे कितीतरी जण एका आठवड्यात घरी बसले. आरा चालवणारे मिस्त्री, पात्याला धार लावणारे, हमाल, बैलगाडीवाले सगळे. त्यांना कुठल्या योजनेतून काही मिळालं, असं माझ्या पाहण्यात नाही.

त्या आदेशाला मी तेव्हाही विरोध केला नाही, आजही करत नाही. विनापरवाना गिरणीत रात्री काय चिरलं जात होतं हे या भागात कोणाला माहीत नव्हतं? चोरीच्या सागवानाला वनविकासाचा खर्च नाही, लिलावाचा बयाणा नाही, कर नाही. त्याच्या भावाशी आम्ही कधीच टक्कर देऊ शकलो नसतो. जंगल वाचवणारा आदेश आमच्यासारख्या कागदोपत्री सरळ चालणाऱ्या गिरणीलाही वाचवून गेला. मात्र त्यानं एक गोष्ट कायमची पक्की केली. परवाना म्हणजेच मालमत्ता झाली. २००२ च्या आदेशानंतर नव्या गिरणीसाठी केंद्रीय अधिकारप्राप्त समितीची (सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली) परवानगी लागू लागली. २०१५ च्या आदेशानं आणि २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते काम राज्यस्तरीय समितीकडे आलं. तोवर एक अख्खी पिढी या धंद्यात नव्यानं येऊच शकली नव्हती.

आता लाकूड कुठून येतं ते सांगतो, कारण पैशाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

राज्य सरकारचं वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झालं. राष्ट्रीय कृषी आयोगाचं तेव्हा म्हणणं असं की, मिश्र जंगलातून उत्पन्न कमी येतं, तिथे सागासारखं किमती झाड लावा. त्याप्रमाणे चंद्रपूर-गडचिरोलीत मिश्र जंगल तोडून सागाची रोपवनं झाली. हे चांगलं झालं का? जंगल म्हणून पाहिलं तर नाही. ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू असं जंगल जाऊन ओळीत सागच उभा राहिला, आणि गावांचा मोहफुलांचा, डिंकाचा आधार गेला. महामंडळाच्या तोडीला गावकऱ्यांनी नंतर केलेला विरोध पोकळ नव्हता. पण आज आमच्या गिरणीत येणारा माल बहुतेक त्याच रोपवनांच्या विरळणीतला आहे. ठरावीक वर्षांनी दाटी कमी करायला झाडं काढतात, त्यातून पातळ गोलाईचे, म्हणजे कमी घेराचे, नग येतात. मोठ्या गोलाईचा लठ्ठा लिलावात दिसला की अख्खा डेपो त्याच्याभोवती गोळा होतो, आणि बोली आमच्या आवाक्याबाहेर जाते. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपुरातून सागवान वाजतगाजत गेलं, तेव्हा आम्हीही रस्त्यावर होतो. अभिमान वाटलाच. आणि व्यापारी माणूस असल्यानं, अशी गोलाई आपल्याला कधी मिळेल, हेही मनात आलं.

जुनं सागाचं जंगल म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर आलापल्लीला वनवैभव आहे. १९५३ पासून त्याला कुऱ्हाड लागलेली नाही. २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. क्षेत्र सहा हेक्टर. इतकंच. ज्या मुलखाच्या सागानं शंभर वर्षांहून अधिक काळ रेल्वे, जहाजं, वाडे आणि कचेऱ्या उभ्या केल्या, तिथे संपूर्ण राखलेला जुना तुकडा पायी फिरून तासाभरात संपतो. बाहेरगावचा ग्राहक आला आणि त्याला वेळ असला तर मी त्याला तिथे नेतो. तिथला साग एकटा नसतो. त्याच्याखाली, त्याच्याशेजारी वेली, बांबू, कुजलेली खोडं, वाळवी, सगळा संसार असतो. रोपवनात ते नाही. लाकूड चिरणारा म्हणून सांगतो, सावकाश वाढलेल्या झाडाची रेषा आणि काळजाचा, म्हणजे आतल्या पक्क्या लाकडाचा, रंग वेगळाच असतो. दाट रोपवनातलं कोवळं झाड कापलं की निम्मं पांढरं, म्हणजे बाहेरचं कच्चं लाकूड, निघतं. पण म्हणून वनवैभवातलं एक झाड लिलावात यावं, असं माझ्यासारख्यालाही वाटत नाही.

सरकारी पैशाचं बोलू. जंगलासाठी पैसा नाही, हे खरं नाही. भरपाई वनीकरणाचा कायदा २०१६ चा. खाणी, धरणं, रस्ते यांसाठी वनजमीन गेली की घेणाऱ्याकडून रक्कम वसूल होते, ती या निधीत जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं अडकलेले ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना सोडले, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३,८४४ कोटी आले. हा आकडा वाचून आमच्या बाजारात बरीच चर्चा झाली होती. त्याच सुमारास राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम संपत आली होती. २०१९ च्या एका पावसाळ्यात ३३ कोटींचं लक्ष्य होतं.

माझं मत विचाराल तर रोप लावण्याचा खर्च दिसतो, फोटोत येतो. राखण्याचा दिसत नाही. आमच्याकडे जुन्या जंगलाचा खरा शत्रू उन्हाळ्यातला वणवा आहे. मार्च ते मे या काळात तेंदूपान चांगलं फुटावं म्हणून, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून, नाहीतर नुसत्या विडीच्या थोटकानं आग लागते. ती आवरायची तर फेब्रुवारीतच जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढून झालेल्या हव्यात, आणि रात्री बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत, माणूस हवा. हे काम हंगामी वनमजुरांवर चालतं. कोट्यवधींच्या निधीतला सर्वात उपयोगी रुपया म्हणजे त्या मजुराची वेळेवर मिळालेली मजुरी. तिला भूमिपूजन नसतं, म्हणून तिच्याबद्दल कोणी भाषण करत नाही.

उलट उदाहरण गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचं. ग्रामसभेला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा कायदेशीर हक्क, मिळाला. लोकांनी बांबू स्वतः तोडून स्वतः विकायला घेतला. तेंदूपान तोडणं मात्र बंद केलं, कारण त्यात फांद्या छाटल्या जातात आणि आगी लागतात. जंगलाचा एक भाग तर पूर्ण राखीव ठेवला. तेंदूचं रोख उत्पन्न सोडणं ही साधी गोष्ट नव्हे, या भागात उन्हाळ्याचा घरखर्च त्यावर निघतो. बांबू स्वतः विकण्याचा रस्ता त्याआधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं उघडला होता. २७ एप्रिल २०११ ला बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती पडले. विक्री हातात आल्यावर राखण आपोआप आली, कोणी योजना आणावी लागली नाही.

आणि उद्योगाला काय मिळालं? १९८८ चं राष्ट्रीय वनधोरण स्पष्ट म्हणतं की उद्योगांना वनोपज सवलतीच्या दरात देणं थांबवा आणि उद्योगांनी शेतकऱ्यांशी थेट नातं जोडून कच्चा माल उभा करावा. त्याआधी ती सवलत मोठ्या कागद कारखान्यांना बांबूच्या रूपात मिळत असे. आरागिरणीवाल्यानं लिलावाच्या बोलीनंच माल घेतला, तेव्हाही आणि आताही. लाकडावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

आमच्या घरात सरकारी पैसा आला तो वेगळ्या दारानं. नुसतं चिरून विकण्यात फारसं उरत नाही हे दिसू लागल्यावर आम्ही दारं-चौकटींचं युनिट काढलं. पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत, बायकोच्या नावानं, बल्लारपूरच्या हद्दीबाहेर ग्रामीण भागात. महिला आणि ग्रामीण म्हणून ३५ टक्के अनुदान, स्वतःचे ५ टक्के, बाकी बँकेचं कर्ज. प्रकल्पाची मर्यादा तेव्हा २५ लाख होती, २०२२ मध्ये ती ५० लाख झाली. एक गोष्ट नव्या लोकांना कोणी नीट सांगत नाही. अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीसारखं राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तोपर्यंत हप्ते आपणच भरायचे. आमचं प्रकरण एका शाखेत तारण मागत बरेच महिने पडून राहिलं. दुसऱ्या शाखेत गेलो, तिथे झालं.

त्या पैशातून रंधा, टेनॉन मशीन (चौकटीच्या जोडाची चूल कापणारं) आणि लाकूड वाळवण्याची छोटी भट्टी आली. भट्टीनं आमचा धंदा पालटला. कोवळ्या सागाचं लाकूड ओलं विकलं तर पहिल्या उन्हाळ्यात चौकट वाकडी होते, दाराला फट पडते आणि शिव्या आम्हाला बसतात. वाळवून, जोड देऊन, पांढरं काढून केलेलं दार पातळ गोलाईच्या मालातूनही टिकतं. म्हणजे जुन्या जंगलातल्या जाड झाडाची गरज तेवढी कमी. जंगल वाचवण्याचा पैसा आणि उद्योगाच्या मदतीचा पैसा माझ्या मते इथे एकत्र यायला हवा : वाळवणीत, प्रतवारीत, कारागिराच्या हातात. आमच्या भागातल्या सगळ्या लहान गिरण्यांना मिळून एक मोठी सामायिक भट्टी झाली, तर रोपवनांच्या मालाला आजच्यापेक्षा चांगला भाव येईल, आणि तो महामंडळालाही परवडेल. आमच्या युनिटातल्या सुतारांपैकी काहींनी पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत नाव घातलं. १५,००० रुपयांची अवजारं आणि ५ टक्क्यांनी एक लाखाचं पहिलं कर्ज. चांगली योजना आहे. एकानं त्या जोरावर स्वतःचं काम सुरू केलं आणि आमचा उत्तम माणूस गेला, पण त्याबद्दल तक्रार करणं बरं दिसत नाही.

२०१४ मध्ये म्यानमारनं गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हा सीपीला मागणी वाढेल असं सगळे म्हणत होते. वाढली, पण आफ्रिकेचं आणि लॅटिन अमेरिकेचं सागवान गुजरातच्या बंदरांवरून आमच्या दारापर्यंत आलं. शिवाय लोखंडी चौकटी आणि प्लास्टिकची दारं. चंद्रपुरातच नव्या इमारतींत सागाची चौकट आता मुख्य दारापुरती उरली आहे.

म्हणून गेली काही वर्षं आमचं लक्ष मालकी सागवानाकडे, म्हणजे शेतकऱ्याच्या खासगी जमिनीतल्या सागाकडे, आहे. शेताच्या बांधावर साग असलेला शेतकरी आमच्या भागात पुष्कळ. देशात लागणाऱ्या लाकडाचा फार मोठा भाग शेतातल्या झाडांतूनच येतो. पण सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसते, मोजणी होत नाही, तोडीची परवानगी, मग वनखात्याच्या हातोडीचा लाकडावरचा शिक्का, मग वाहतूक परवाना. जमीन आदिवासी शेतकऱ्याची असेल तर वेगळा कायदा आणि जिल्हाधिकाऱ्यांपर्यंतचा प्रवास. त्या कायद्यामागचं कारण योग्य आहे, आदिवासींना लुबाडणारे या भागानं खूप पाहिलेत. पण मालकी प्रकरण वर्षभर रेंगाळलं की गरजवंत शेतकरी उभं झाड दलालाला मिळेल त्या भावात देऊन टाकतो. बांधावर झाड लावायला अनुदान आहे, तोडायच्या वेळी मात्र त्याला कोणी विचारत नाही. आमच्या ऑफिसात एक मुलगा फक्त शेतकऱ्यांची ही कागदपत्रं लावून देतो. त्याचे पैसे आम्ही शेतकऱ्याकडून घेत नाही. प्रकरण सुटलं की माल बहुधा आमच्याकडेच येतो.

सध्या गिरणीपेक्षा युनिटात माणसं जास्त आहेत. मुलगी लेखा आणि ऑनलाइन लिलाव पाहते, वडिलांचं रजिस्टर आता तिच्या संगणकावर आहे. आमच्याकडून लाकूड किंवा दार घेताना बिलाबरोबर लिलावाची पावती आणि वाहतूक परवान्याची प्रत मागा. मागितली नाही तरी आम्ही देतो. दुसरीकडे घेतलंत तर तिथेही मागा.