क्वेकर आईचा मुलगा

अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन याच्या थडग्यावर काय कोरलंय ते मला कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडाला जाईपर्यंत माहीत नव्हतं. इतिहास माणसाला देऊ शकेल असा सर्वात मोठा मान म्हणजे ‘शांतिदूत’ ही पदवी, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. त्याच्याच १९६९च्या शपथविधीच्या भाषणातलं. वाचलं आणि डोकं तापलं. आपल्याकडे निक्सन म्हटलं की आईबाबांच्या पिढीला १९७१च्या युद्धातलं अमेरिकेचं सातवं आरमार आठवतं, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेली मुंबई आठवते. शांती कुणालाच आठवत नाही.

थडग्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचं जन्मघर आहे. वडिलांनी बांधलेलं, अगदी लहानसं. १९१३चा जन्म. लिंबांची बाग काही चालली नाही, म्हणून १९२२मध्ये कुटुंब व्हिटियरला गेलं आणि किराणा दुकान, पेट्रोल पंप असा संसार सुरू झाला. व्हिटियर हे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनीच वसवलेलं गाव. आई हॅना जन्माने क्वेकर, वडील लग्नाच्या वेळी त्या पंथात आले. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो, म्हणून माणूस मारायचा नाही. नेहमीच खरं बोलायचं, म्हणून शपथ घ्यायची नाही. या पंथाच्या संस्थांना १९४७मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. आपल्या सेवाग्रामला नई तालीमचं काम केलेल्या मार्जोरी साइक्स याच पंथाच्या. थोडक्यात, आपल्याकडचं माळकरी घर डोळ्यांसमोर आणा. कॅलिफोर्नियातले क्वेकर इतर अनेक क्वेकरांसारखे उपासनेत मौन धरून बसणारे नव्हते, त्यांच्याकडे पाद्री होते, भजनं होती. छोटा निक्सन तिथे पियानो वाजवायचा.

दुसऱ्या महायुद्धात क्वेकर म्हणून त्याला सूट मागता आली असती. तो १९४२मध्ये नौदलात गेला. याबद्दल मी त्याला बोल लावत नाही, तेव्हा अनेक क्वेकर तरुण गेले.

पण १९६९च्या जानेवारीत त्याने शपथ घेतली (हो, शपथच, नुसती प्रतिज्ञा करायची मुभा राज्यघटनेत असूनही) ती आईच्या घराण्यातल्या बायबलवर हात ठेवून. पान उघडलेलं यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचं, तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याच्या वचनाचं. दोनच महिन्यांत कंबोडियावर गुप्त बॉम्बहल्ले सुरू झाले. नोंदी खोट्या ठेवल्या, जनतेला पत्ता नाही. १९७३मध्ये दुसऱ्यांदा शपथ घेताना पुन्हा तेच पान उघडलं. हनोईवरचे नाताळातले बॉम्बहल्ले थांबून तेव्हा महिनाही झाला नव्हता.

योर्बा लिंडाला भेटलेले एक वयस्कर गृहस्थ मला अगदी जिव्हाळ्याने सांगत होते, “तो मुळात शांततावादीच होता हो, आईचे संस्कार!” हे त्यांच्या मनचं नव्हे. मार्च १९७१मध्ये एका मुलाखतीत निक्सनने स्वतःच म्हटलं होतं की मी कट्टर शांततावादी आहे, बहुधा आईकडून आलेल्या क्वेकर वारशामुळे. मार्च १९७१! त्याच महिन्याच्या २५ तारखेच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कत्तल सुरू केली. ढाक्यातले अमेरिकी अधिकारी एप्रिलमध्ये तारेने कळवत होते की आपलं सरकार गप्प बसतंय हे लाजिरवाणं आहे. त्यांचे प्रमुख आर्चर ब्लड यांचीच तिथून उचलबांगडी झाली. एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. नोव्हेंबरमध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला जाऊन आल्या, तर त्यांच्या पाठीमागे ‘म्हातारी चेटकीण’! हे उद्गार निक्सनचेच, व्हाइट हाऊसमधल्या त्याच्या स्वतःच्याच ध्वनिफितींवर आहेत.

आणि आता जे मला सर्वात सांगायचंय ते. जुलै १९७१मध्ये बाल्टिमोरच्या बंदरात ‘पद्मा’ नावाचं पाकिस्तानी जहाज येत होतं, अमेरिकेतून लष्करी सामान न्यायला. फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने काही माणसं छोट्या होड्या घेऊन त्या अजस्र जहाजाच्या वाटेत गेली. हाताने वल्हवायच्या होड्या! पोलिसांनी त्यांना पाण्यातूनच पकडून नेलं. जहाज धक्क्याला लागलंच. पण पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजांवर माल चढवायला नकार दिला. बंगाल ज्यांनी कधी पाहिलाही नसेल अशी ही माणसं. त्यांचा धर्म आणि राष्ट्राध्यक्षाचा धर्म एकच. आपल्या शाळेत हे कुणी शिकवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच गृहस्थांनी मग मला विचारलं, “गांधींच्या देशाने १९७४मध्ये अणुचाचणी केली, त्याचं काय?” प्रश्न झोंबला. पण डिसेंबर १९७१मध्ये ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात कुणी धाडली? असा शेजार आणि असे दादा असताना पोखरण झालं नसतं तरच नवल. मी हे त्यांना सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

न्यायाचं बोलायचं तर चीनशी बोलणी, रशियाशी शस्त्रमर्यादा करार, सक्तीची सैन्यभरती बंद करणं, हेही त्याच्याच काळातलं. आणि या देशाचं एक मी मनापासून मानते. २००७मध्ये योर्बा लिंडाचं निक्सन संग्रहालय सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आलं आणि २०११मध्ये, ज्यामुळे त्याला राजीनामा द्यावा लागला त्या वॉटरगेट प्रकरणाचं दालन नव्याने उभं राहिलं, पुराव्यांसकट. त्याच्या थडग्याच्या आवारात! आपल्याकडच्या एखाद्या नेत्याच्या स्मारकात असं दालन मला दाखवा.

९ ऑगस्ट १९७४ला व्हाइट हाऊस सोडताना तो म्हणाला, माझी आई संत होती. ते खोटं नव्हतं. क्षयाने आजारी मोठ्या मुलासाठी ती ॲरिझोनात राहिली, आणि खर्च भागावा म्हणून आणखी काही क्षयरोग्यांची सेवा करत होती. तिचे दोन मुलगे गेले. १९६७मध्ये ती गेली, मुलाला राष्ट्राध्यक्ष झालेलं तिने पाहिलं नाही. तिच्याबद्दल ऐकताना मला भरून येतं. म्हणूनच तिच्या नावाचा दाखला प्रत्येक वेळी पुढे करणं मला सहन होत नाही.

व्हिएतनामच्या काळात इतर क्वेकर सभांनी (स्थानिक क्वेकर मंडळीला सभा म्हणतात) पूर्व व्हिटियरच्या, म्हणजे निक्सनच्या सभेकडे आग्रह धरला होता की या माणसाचं नाव सदस्यांतून कमी करा. त्यांनी केलं नाही. आपला मुलगा, ओळखीचं घर, त्यांची अडचण मला समजते. तरी मी त्या सभेत असते तर काढा म्हणूनच हात वर केला असता.